पुढच्या सीटवरची वनमाला

रायपूरच्या तात्यापाऱ्यात श्यामराव आणि वनमाला काळमेघ यांच्याइतकं एकमेकांवर जीव टाकणारं जोडपं दुसरं नाही, याबद्दल आमच्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, अकरा वर्षं एकमत होतं. पुरावा साधा होता. बायकोला सोबत घेतल्याशिवाय श्यामराव जीप काढत नसत.

भाजीला दोघं. दवाखान्यात दोघं. श्यामराव कटिंगला गेले तरी वनमाला बाहेर जीपच्या पुढच्या सीटवर, मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसलेली. कुणाच्या मयतीला जायचं झालं तरी ती सोबत असायची; आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत म्हणून फाटकाबाहेर, पुन्हा पुढच्याच सीटवर. पाऱ्यातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना हे दृश्य बोट दाखवून दाखवायच्या आणि नवरे मनातल्या मनात श्यामरावांना शिव्या द्यायचे.

आता खरं काय ते सांगायचं, तर जीपला ब्रेक नव्हते.

नव्हते म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. श्यामरावांच्या भाषेत ते ‘सवडीनं लागायचे’.

ही जीप त्यांच्याकडे आली ती राज्यासोबत. छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून वाटणीत जे काही आलं त्यात फायली, कपाटं आणि थकलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. चांगल्या वस्तू वाटणीत मागे राहतात, हे भावाभावांत होतं तसं राज्याराज्यांतही झालं असावं. त्यातल्या ज्या गाड्या कुणालाच नको होत्या त्यांचा वर्षभरात लिलाव झाला. श्यामराव रस्ते खात्यात नकाशे काढत. आयुष्यभर तालुक्याचे रस्ते रेखाटलेला माणूस घरबसल्या राजधानीचा रहिवासी झाला, तर त्याला काहीतरी करावंसं वाटणारच. त्यांनी जीप घेतली.

“राजधानीत राहून राहिलो आता आपण,” ते वनमालाला म्हणाले होते. “स्कूटरवर बरं दिसत नाही.”

पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेकड्रम तेव्हाच आतून घासलेले होते. बोट फिरवलं तर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा हाताला लागत. गुढ़ियारीतल्या भैय्यालाल मिस्त्रीने ते खरादवर, म्हणजे लेथवर, नेऊन आतून गुळगुळीत करून आणले. दोन वर्षांनी पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ड्रम थोडा पातळ होई, आतली पोकळी थोडी वाढे आणि ब्रेकच्या पट्ट्यांना ड्रमपर्यंत पोचायला आणखी थोडं लांब जावं लागे. चौथ्या वेळी खरादवाल्याने हात जोडले. म्हणाला, आता घासलं तर ड्रम नाही, रिंगण उरेल. तेव्हा भैय्यालालने पट्ट्यांच्या मागे पत्र्याचे तुकडे सरकवून काम चालवलं. पेडल पहिल्यापासूनच दोनतीनदा दाबावं लागे; यानंतर तीनदा दाबलं की चौथ्यांदा गाडीला आपण थांबावं की काय असं वाटू लागे.

“ड्रम बदलून टाका न एकदाचे,” वनमाला म्हणाली.

“बनतच नाहीत आता या गाडीचे ड्रम,” श्यामराव म्हणाले. “बंद झाले. आणि तसंही, चालवनाऱ्याले अंदाज पाहिजे. ब्रेक तर कोनीबी दाबते.”

नकाशे काढणाऱ्या माणसाने रस्त्याबद्दल असं काही म्हटलं की त्यावर बोलायची सोय नसते.

पण जीपमध्ये एक गोष्ट ठणठणीत होती, ती म्हणजे हातब्रेक. या जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर लागत नाही. गिअरबॉक्सच्या मागे त्याचा वेगळा, छोटा ड्रम असतो. तो नव्यासारखा राहिला होता, कारण सरकारी ड्रायव्हर हातब्रेक लावत नाही, चाकाखाली वीट लावतो. त्याचा दांडा दोन सीटांच्या मधोमध, म्हणजे वनमालाच्या उजव्या हाताशी होता.

पहिल्यांदा तो तिने ओढला, जीप आली त्याच वर्षी, अंडरब्रिजच्या उतारावर. समोर गुळाच्या भेल्यांनी भरलेला हातठेला, ठेलेवाल्याची आपल्याकडे पाठ आणि श्यामरावांचा पाय पेडलवर दुसऱ्यांदाच खाली गेलेला. वनमालाने काही विचार केला नाही. दोन्ही हातांनी दांडा वर खेचला. जीप जोरात गचका खाऊन थांबली. तिच्या उजव्या हातातल्या सहाही बांगड्या फुटल्या. ठेलेवाला गुळाच्या वासात पुढे निघून गेला. आपण आज वाचलो हे त्याला कधी कळलं नाही.

श्यामरावांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, “पाह्यलं? थांबवली न बरोब्बर?”

वनमालाने मनगटातली काच काढता काढता म्हटलं, “हो. बरोब्बर थांबवली तुमी.”

हे एक वाक्य तिने पुढची अकरा वर्षं म्हटलं.

यात तिचा भाबडेपणा होता असं समजू नका. वनमाला हिंगणघाटची, रेल्वेच्या मालबाबूची मुलगी; तिला हसू दाबायचं वळण माहेरूनच होतं. तिची समजूत अशी होती की, आपला नवरा मनापासून स्वतःला उत्तम ड्रायव्हर समजतो, दांडा आपण ओढतो हे त्याच्या ध्यानातच येत नाही आणि आता या वयात त्याचा हा आनंद कशाला मोडा. पुरुषाचे असे एकदोन आनंद सांभाळले की घर शांत राहतं, असं तिचं मत होतं. आपण त्यांना झाकून नेतो आहोत, यात तिला थोडं मोठेपणही वाटे. ते तिचं खासगी सुख होतं.

हळूहळू तिचा हात तयार झाला. तो दांडा एकदम ओढला तर गाडी उडते. चढावर किती, उतारावर किती, पावसात किती, हे मनगटाला ठाऊक असावं लागतं. श्यामराव ‘ओढ’ असं कधी म्हणाले नाहीत. ते फक्त घसा खाकरत. खाकरण्याआधीच तिचा हात दांड्यावर गेलेला असे, कारण ती रस्ता बघत असायची आणि ते रस्त्याविषयी बोलत असायचे. उजव्या तळव्याला घट्टा पडला. उजव्या हातात काच टिकेना, म्हणून तिने डाव्या हातात सहा बांगड्या आणि उजव्यात एकच पितळी कडं अशी वाटणी केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, “हे काय गं, उजवा हात असा काहून?” ती म्हणायची, “भांड्याले लागते.” तिने एकदा श्यामरावांना मला गाडी शिकवा असंही म्हटलं होतं. ते हसले. “तुले नाही जमनार. ब्रेकचा अंदाज लागते त्याले.”

गणपतीत मंडळाची मूर्ती दर वर्षी काळमेघांच्याच जीपमधून जायची. एवढ्या गर्दीत एवढी संथ आणि बिनधक्क्याची गाडी दुसरं कुणी चालवत नाही, अशी श्यामरावांची ख्याती झाली होती. पुढे श्यामराव, शेजारी नऊवारीतली वनमाला, मांडीवर प्रसादाचा डबा आणि डब्याआड उजवा हात. पूजेला जोडीनं बसतात तसे हे गाडीतही जोडीनं बसतात, असं म्हणून मंडळाच्या कार्यवाह सुनीतीताई गहिवरायच्या.

गहिवर फार झाला की माणसं सत्कार करतात. राज्याला बारा वर्षं झाली, मंत्रालय पंचवीस किलोमीटरवरच्या नव्या राजधानीत गेलं, श्यामराव तिथे खात्याच्या बसने जाऊ-येऊ लागले आणि त्याच हिवाळ्यात मंडळाने वर्धापनदिनी ‘आदर्श दांपत्य’ म्हणून काळमेघांचा सत्कार करायचं ठरवलं. रविवारी सकाळी दहाला.

त्याच आठवड्यात नागपूरहून देवश्रीचा फोन आला. ही त्यांची एकुलती मुलगी. आठवा महिना संपत आलेला. “आई, डॉक्टर बोली है पूरा आराम. प्रवास बंद. तू येऊन जा न इकडे, दीड-दोन महिने. सासूबाईंच्या गुडघ्याचं माहीत आहे न तुला.”

वनमालाने त्याच दुपारी बॅग खाली काढली. संध्याकाळी श्यामरावांनी बॅगेकडे पाहिलं.

“दोन महिने?” ते म्हणाले.

“हो.”

“मंग इकडे कसं?”

“पोळ्यावाली लावून दिली. राधाबाई भांडे करतेच.”

“तसं नाही.” श्यामराव घरभर फिरून आले. दिवाणखान्यात फिरताना त्यांच्या डोक्यात नकाशा तयार होत असे. “पहिलं बाळंतपन माहेरी होते, वनमाला. रीत आहे. आपन पोट्टीलेच इकडे आनू.”

“डॉक्टरनं प्रवास नाही सांगितला तिले.”

“रेल्वेचा नाही सांगितला असन. गर्दी, धक्के. घरच्या गाडीत काय होते? सत्कार झाला का सोमवारी निघू आपन दोघं. हळूहळू आनू. मांगं गादी टाकू.” मग अगदी सहज, पेपर उचलता उचलता ते म्हणाले, “तू असशीनच न समोर.”

वनमालाच्या डोळ्यांसमोर देवरीकडचा तो वळणावळणाचा उतार आला, समोर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेले लोखंडाचे ट्रक आणि मागे गादीवर आठ महिन्यांची गरोदर देवश्री. नागपूर ते रायपूर तीनशे किलोमीटर. त्या रात्री तिने स्वतःचा उजवा हात बराच वेळ पाहिला. गुळाचा ठेला वाचवणं वेगळं होतं.

नवऱ्याशी वाद घालायचा नाही, ब्रेक नीट करून घ्यायचे, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी श्यामराव बसने गेल्यावर ती रिक्षाने गुढ़ियारीत भैय्यालालकडे गेली. अकरा वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच जीपशिवाय आली होती; एरवी ती बाहेर, पुढच्या सीटवरच बसलेली असायची. भैय्यालालने आधी तिच्यामागे जीप शोधली.

“दीदी, गाड़ी कहाँ छोड़ आईं?”

“घरीच आहे. भैया, ते समोरचे ड्रम. कुठून भी, कैसे भी मँगवा दो. जुन्या गाडीतून काढून मिळतील का? मुलीला आणायचं आहे. उनको मत बताना.”

भैय्यालालने हात पुसले. “पुराने काहे? नए हैं न.”

त्याने वर बोट दाखवलं. भिंतीवर, जुन्या टायरांच्या वर, एका खिळ्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ड्रम टांगलेले होते. कागद पिवळा पडला होता.

“हे? या जीपचे?”

“हव. चार साल से टँगे हैं. साहब के लिए ही मँगवाए थे. साहब बोले, रहने दे.”

“ते तर म्हणत होते बनतच नाहीत.”

भैय्यालालला आता कळलं की आपण नको तिथे स्पॅनर घातला. पण तो सरळ माणूस होता, अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती. “अब क्या बोलूँ दीदी. मैं तो हर बार बोलता हूँ, लगा दूँ, आधे दिन का काम है. साहब बोलते हैं, जरूरत क्या है, मैडम बैठती है न बाजू में. वो खींच लेती है.”

“असं म्हणाले?”

“तारीफ करते हैं आपकी,” भैय्यालाल घाईने म्हणाला. “बोलते हैं, मेरा हैंडब्रेक घर का है.”

वनमाला तिथल्या स्टुलावर बसली. भैय्यालालने चहा मागवला. तिने तो सगळा प्यायला, बशीत सांडलेलासुद्धा. अकरा वर्षं ती समजत होती की, आपण नवऱ्याला झाकून नेतो आहोत. झाकलेलं काहीच नव्हतं. गुळाच्या ठेल्याच्या वेळीसुद्धा माणसाला सगळं माहीत होतं. बरोब्बर थांबवली म्हणताना, गाडी शिकायची गोष्ट हसण्यावारी नेताना, सगळं. तिचं ते खासगी सुख त्या खिळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून चार वर्षं लटकत होतं.

“लगा दूँ?” भैय्यालालने विचारलं. “आप बोलो तो कल ही.”

“नको,” वनमाला उठत म्हणाली. “साहेब स्वतः सांगतील. ठेवून द्या.”

तिथून ती स्टेशनवर गेली आणि सोमवार सकाळचं नागपूरचं तिकीट काढून घरी आली. तिकीट तिने बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं. श्यामरावांनी सत्कारासाठी जीप धुवून घेतली, सीटवर पांढरे टॉवेल घातले.

रविवारी सकाळी साडेनऊला सुनीतीताई स्वतः दोघांना न्यायला आल्या. सोबत मंडळाच्या दोन बायका, हार, फोटोग्राफर. पाऱ्यातली माणसं ओट्यांवर उभी. सभागृहापर्यंत चालत दहा मिनिटं. पण आदर्श दांपत्याने जीपमधूनच यावं, त्याशिवाय फोटोला मजा नाही, असं ठरलं होतं. श्यामराव कोट घालून स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केलं आणि डावीकडे पाहिलं.

वनमाला मागच्या बाकावर चढून बसली होती.

“अवो, समोर ये न,” श्यामराव म्हणाले.

“मी इथंच बरी. सुनीतीताई, तुमी बसा समोर. आज मान तुमचा.”

“छे छे!” म्हणत सुनीतीताई लगेच पुढे बसल्या. पर्स त्यांनी हातब्रेकच्या दांड्यावर अडकवली. त्यांना तो पर्ससाठीच दिसला.

श्यामरावांनी पर्सकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. गल्ली पुढे उतरत जाते आणि कोपऱ्यावर रविवारचा भाजीबाजार असतो. कोपऱ्यावर त्या वेळी एक बाई पालेभाज्यांच्या जुड्या मांडून बसली होती आणि तिच्याभोवती अर्धा पारा.

“वनमाला, समोर ये.”

“काहून?”

एवढाच प्रश्न. सगळ्या पाऱ्यासमोर, हार घेतलेल्या दोन बायकांसमोर आणि फोटोग्राफरच्या डोळ्याला लागलेल्या कॅमेऱ्यासमोर. श्यामरावांकडे त्याचं एकच उत्तर होतं आणि ते अकरा वर्षांच्या ख्यातीत बसत नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. मागून काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा खाकरला.

“भाऊ, घसा बसला का?” सुनीतीताई म्हणाल्या. “अन् एक दिवस तर सोडा बायकोले! मी काही पळवून नाही नेत तुमाले!”

ओट्यांवर हशा पिकला. हार घेतलेली एक बाई म्हणाली, “बघा, दहा मिनिटांचा विरहही सोसत नाही.” फोटोग्राफरने तो क्षण टिपला. तो फोटो पुढे मंडळाच्या वार्षिकात आला. त्यात श्यामरावांच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला खाली ‘अतूट प्रेम’ असं छापलंय.

इंजिन चालू होतं. श्यामरावांचा पाय पेडलवर गेला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“हवा काय मस्त आहे,” ते कोटाची बटणं लावत म्हणाले. “पायीच जाऊ. राजधानीत लोकं चालनंच विसरून गेले.”

सगळे पायी गेले. श्यामराव पुढे, वनमाला मागे बायकांत. सत्कारात शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं मानपत्र मिळालं. त्यात ‘संसाररथ’ हा शब्द तीनदा होता. रथाच्या ब्रेकविषयी काही नव्हतं. सुनीतीताईंनी वनमालाला दोन शब्द बोलायला लावलं. ती उभी राहिली, पदर सावरला.

“मी काय सांगू,” ती म्हणाली. “ह्यायचा माझ्यावर लई भरवसा. येवढा, का बाकी कशाची गरजच नाही वाटली त्यायले.”

टाळ्या थांबेनात. श्यामरावही वाजवत होते. आदर्श माणसाला ते करावंच लागतं.

घरी आल्यावर त्यांनी शाल खुर्चीवर टाकली. “काय नाटक होतं हे?”

“भैय्यालालकडे गेली होती मी. बुधवारी.”

श्यामराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि पाणी न पिताच परत आले.

“मंग?”

“मंग काही नाही. ड्रम पाह्यले. चांगले आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं मी नागपूरले जातो. रेल्वेनं. देवश्री कुठंबी येनार नाही.”

“अन् उद्या जीप काढाची झाली तं?”

“काढा न. ब्रेक तर कोनीबी दाबते,” वनमाला म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

नागपुरात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी श्यामरावांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. “वनमाला, आयकलं का? ड्रम भेटले. बनून राहिले म्हनते पुन्हा. मी म्हटलं भैय्यालालले, लावून टाक. आपल्याच नजरेत येते म्हना अशा गोष्टी.”

“हो का? बरं झालं.”

“आता एका दाबात थांबते.”

“बरोब्बर थांबवत असान तुमी,” वनमाला म्हणाली. फोन ठेवून ती देवश्रीच्या पायाला तेल लावायला बसली.

नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी दारावर कासारीण आली. वनमालाने नेहमीप्रमाणे डावा हात पुढे केला. कासारणीने सहा भरल्या आणि टोपली आवरू लागली, तेव्हा वनमालाने कडं काढून उजवा हातही तिच्यासमोर धरला. घट्ट्यावरून काच चढताना थोडी अडली, पण चढली. हिरव्या, सहा.

दोन महिन्यांनी ती रायपूरला परत आली. तेव्हापासून श्यामराव कटिंगला एकटे जातात, मयतीला एकटे जातात आणि जीप खरंच एका दाबात थांबते. वनमाला रिक्षाने जाते, तिला हवं तिथे, तिला हव्या त्या वेळी. पाऱ्याला हे फार लागलं. सुनीतीताईंनी एका दुपारी तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “वनमाला, खरं सांग. तुमच्यात काही झालं का गं? आधी किती छान होतं सगळं.”